पुराचे पाणी आणि पुलाचे पाय

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर तीरावर गौलीगुडा नावाची जुनी वस्ती आहे. नाव गवळ्यांचे, परंतु कालांतराने तेथे व्यापारी आले, नोकरदार आले, आणि मराठी कुटुंबांनीही या परिसरात आपले बस्तान बसविले. मराठी मंडळींनी १९०७ साली काढलेली विवेकवर्धिनी ही शाळा जवळच्या जांबागेत आहे. गौलीगुड्याच्या एका अंगाला अफजलगंजचा पूल, दुसऱ्या अंगाला चादरघाटचा पूल. चारमिनारच्या बाजूला जावयाचे तर यांपैकी एखादा पूल ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. अशा ठिकाणच्या माणसाच्या दृष्टीने पूल ही घराच्या उंबरठ्याइतकी रोजची वस्तू असते, आणि रोजच्या वस्तूकडे आपण सहसा निरखून पाहत नाही. ती नाहीशी झाली म्हणजेच तिचे मोल कळते.

गौलीगुड्याला हे मोल २८ सप्टेंबर १९०८ या दिवशी कळले. नवरात्राचे दिवस होते आणि रमजानचा महिनाही नुकताच लागला होता. शहराच्या नैऋत्येस शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत सुमारे १९ इंच पाऊस पडला. एरवी घोट्याएवढ्या पाण्याने वाहणारी मुसी काठावरच्या वस्त्यांत शिरली. मृतांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती असे सांगतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी एकाच पुरात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. अफजलगंजच्या बागेतील एका चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे मात्र वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात पुढे शतकभर त्या दिवसाची साक्ष देत राहिले.

त्या दिवशी शहरात मुसीवर चार मोठे पूल होते. सर्वांत वरच्या अंगाला १५७८ साली कुतुबशाही राजवटीत बांधलेला पुराणा पूल. त्याखाली मुसल्लमजंगचा पूल. त्याखाली अफजलगंजचा पूल, ज्याला पुढे नया पूल हे नाव रूढ झाले. आणि अखेरीस १८३१ चा चादरघाटचा पूल. खालचे तिन्ही पूल पुराने तोडले. उभा राहिला तो सर्वांत जुना, तीनशे तीस वर्षे वयाचा पुराणा पूल. त्यालाही इजा झाली, दुरुस्ती करावी लागली; पण शहराचे दोन भाग जोडणारा दुवा म्हणून तोच काय तो उरला.

नवे मोडले आणि जुना टिकला, हा केवळ दैवाचा खेळ असेल काय? पूल मोडला की आपण म्हणतो, पुराने पूल ‘वाहून नेला’. या शब्दांनी डोळ्यांपुढे असे चित्र उभे राहते की पाण्याचा प्रचंड लोंढा आला, त्याने पुलाला धक्का दिला आणि पूल कोसळला. काही पूल असे कोसळतात हे खरे. परंतु पुरात मोडणाऱ्या पुष्कळ पुलांची हकीगत निराळी असते. धक्का त्यांच्या अंगाला बसत नाही, त्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेतली जाते. पूल वरून मोडलेला दिसतो, पण मोडतो तो बहुधा खालून. ही एक गोष्ट नीट समजली तर पुलांची काळजी कशी घ्यावी व पुराच्या वेळी आपण कसे वागावे, हे दोन्ही आपोआप समजेल.

प्रथम पाण्याच्या धक्क्याचाच विचार करू. वाहते पाणी खांबावर जो दाब देते तो त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर नऊपट. उन्हाळ्यात ज्या प्रवाहात मुले डुंबतात तोच प्रवाह पावसाळ्यात बैलगाडी उलथवतो, याचे कारण हेच. खांबाच्या आकारानेही मोठा फरक पडतो. पाण्याला सपाट छाती दाखविणाऱ्या चौकोनी खांबावर जो जोर येतो त्याच्या निम्म्याहून कमी जोर गोल खांबावर येतो. म्हणूनच जुन्या गवंड्यांनी खांबांना प्रवाहाच्या दिशेने नावेच्या नाळेसारखे निमुळते टोक दिलेले आढळते. पाणी अडवू नये, त्याला बाजूने वाट द्यावी, हा धडा ते नदीकाठीच शिकले होते.

यात दुसरी एक गोष्ट भर घालते. विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात आहे तोवर हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की जड होते, हा अनुभव ज्यांनी रहाटावर पाणी काढले आहे त्यांना आहे. दगडाचेही तसेच होते. बांधकामाचा दगड पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असतो. म्हणजे बुडाला की त्याचे वजन दोन पंचमांशाने कमी भरते. दगडी पूल मुख्यतः आपल्या वजनाच्या भरवशावर उभा असतो. पूर जसजसा चढतो तसतसा पुलाचा अधिकाधिक भाग पाण्यात जातो आणि त्याचे वजन कमी होत जाते. ज्या घटकेला पाण्याचा रेटा सर्वांत मोठा, त्याच घटकेला पूल सर्वांत हलका, असा हा विपरीत योग आहे.

तिसरी गोष्ट कमानींची. कमानीचा आकार असा असतो की तळाशी ती रुंद आणि माथ्याशी अरुंद. पाणी खांबांच्या उंचीपर्यंत असते तोवर त्याला भरपूर वाट मिळते. परंतु ते कमानीच्या वळणात शिरले की पाणी वाढते आणि वाट आकसते. मग पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून फुगवटा येतो. खालच्या अंगाला पातळी कमी, वरच्या अंगाला अधिक. या दोन पातळ्यांतील फरकाने कमानींखालून पाणी पिचकारीसारखे सुटते. पूल मग पूल न राहता धरण होऊ पाहतो, आणि धरण म्हणून तो बांधलेला नसतो.

त्यातच पूर कधी रिकाम्या हाताने येत नाही. मुळासकट उपटलेली झाडे, घरांची आढी व वासे, गवताच्या गंजी, मेलेली जनावरे असे सर्व काही त्याच्याबरोबर असते. मोठा ओंडका खांबावर आदळला तर धक्का बसतोच. परंतु त्याहून घातक गोष्ट ही की तो तेथे आडवा अडकतो. त्याला दुसरा अडकतो, फांद्यांत पालापाचोळा भरतो, आणि पाहता पाहता पाच फुटांच्या खांबापुढे वीस फुटांचा बांध तयार होतो. मुसीचे खालचे तीन पूल शहराच्या मध्यात होते. वरच्या वस्त्यांतील कोसळलेल्या घरांचे लाकूडसामान त्यांच्याच वाटेला आले असणार, हे अनुमान काढण्यास फारशी कल्पकता लागत नाही.

पाणी पुलावरून वाहू लागले म्हणजे भरीव कठडेसुद्धा शत्रू होतात. कठडा माणसाला पडू देत नाही, तसा तो पाण्यालाही जाऊ देत नाही. महाराष्ट्रात ओढ्यांवरील ठेंगण्या पुलांचे लोखंडी कठडे पावसाळ्यापूर्वी काढून ठेवण्याची किंवा ते आडवे पडतील असे बसविण्याची जी रीत आहे, तिचे मर्म हेच.

हे सर्व वरून दिसणारे झाले. आता न दिसणाऱ्या गोष्टीकडे वळू. समुद्रकाठी ओल्या वाळूत उभे राहिले असता परतणारी लाट टाचांखालची वाळू कशी ओढून नेते आणि माणूस उभ्या जागी कसा खचतो, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. नदीच्या उथळ वाळवंटात एखादा धोंडा पाहावा. त्याच्या समोर आणि दोन्ही बाजूंना घोड्याच्या नालेच्या आकाराची खळगी पडलेली असते. पुलाच्या खांबापाशी नेमके हेच, पण फार मोठ्या प्रमाणावर घडते.

ते असे. प्रवाहाचा वेग पृष्ठभागाजवळ अधिक व तळाशी कमी असतो. खांबावर आदळलेल्या पाण्याला पुढे जाता येत नाही. वरचे वेगवान पाणी मग खांबाच्या अंगावरून सरळ खाली उतरते आणि तळावर पहारीसारखे बसते. तेथे ते तळ उकरते, उलटे वळते, आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी गुंडाळत जाणारे भोवरे निर्माण होतात. हे भोवरे उकरलेली वाळू उचलून खालच्या अंगाला नेऊन टाकतात. जितका खांब रुंद तितका भोवरा जोरकस आणि तितका खळगा खोल. अडकलेल्या ओंडक्यांमुळे खांब जणू रुंद होतो, म्हणून ओंडके वरून जेवढे नुकसान करतात त्याहून अधिक खालून करतात.

याशिवाय नदीचा सबंध तळच पुरात खाली जातो, कारण वेगवान पाणी तळाची वाळू उचलून चालते. वेग आणि वाहून नेण्याची ताकद यांचे नाते चकित करणारे आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला ढकलता येणाऱ्या धोंड्याचे वजन दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर चौसष्टपट होते. ज्या प्रवाहाला काल शेरभर वजनाचा गोटा हलत नव्हता तो आज दीड मणाचा धोंडा लोटतो. त्यात पुलाच्या खांबांनी आणि भरावांनी नदीचे पात्र अरुंद केलेले असले तर पुलाखालचा वेग आणखी वाढतो. तळाची साधारण झीज, अरुंद पात्रामुळे होणारी झीज आणि खांबाच्या भोवऱ्याने होणारी झीज, अशी तिहेरी बेरीज होऊन पायाखालची भूमी सरते.

ही झीज किती खोल जाईल, याचा हिशेब अभियंते पुष्कळ वर्षे करीत आले आहेत. उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांवर काम करणाऱ्या जेराल्ड लेसी या अभियंत्याने १९३० च्या सुमारास गाळाच्या नद्यांसाठी एक सूत्र मांडले. त्याचा गाभा असा की तळाची खोली पाण्याच्या राशीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. पाणी आठपट झाले तर खोली दुप्पट होते. भारतातील पुलांच्या आखणीत पुढे या सूत्राचा आधार घेतला गेला, आणि खांबापाशी होणारी झीज सरासरीच्या दुप्पट धरावी असा दंडक पडला. पाया त्याहूनही खाली गेला पाहिजे, हे त्यातून ओघाने आलेच.

या झिजेचा सर्वांत फसवा गुण अद्याप सांगावयाचा आहे. पूर चढत असता खळगा खोल होत जातो; पूर ओसरू लागला की पाण्याचा वेग मंदावतो आणि वरून येणारी वाळू व गाळ त्याच खळग्यात पडून तो भरून निघतो. चार दिवसांनी पाणी निवळल्यावर पाहावे तो तळ पूर्वीसारखा सपाट! वास्तविक पायाभोवतीची घट्ट, शतकांची बसलेली माती गेलेली असते आणि तिच्या जागी भुसभुशीत भर आलेली असते. पुढच्या पुरात ती भर पहिल्या तासातच निघून जाते. पूल एका पुरात पडला असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात त्याला पाडण्याचे काम कित्येक पुरांनी वाटून घेतलेले असते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी नावाच्या ओढ्यावर मोठ्या महामार्गाचा पूल होता. तो १९५४ मध्ये बांधला गेला. त्याचे पाये उथळ होते आणि त्यांच्या रक्षणासाठी भोवती मोठमोठे दगड रचले होते. वर्षानुवर्षांच्या पुरांत ते दगड हळूहळू निघून गेले. ते पुन्हा भरण्याचे राहून गेले. पुलाची पाहणी वेळोवेळी होत होती, पण पाण्याखाली उतरून कोणी पाहिले नाही. ५ एप्रिल १९८७ रोजी पूर आला, एका खांबाखालची जमीन पोखरली गेली, आणि धावत्या वाहनांसह पूल कोसळला. दहा माणसे दगावली. पाण्याखालील पायांची तपासणी हा त्या देशात सक्तीचा विषय झाला तो यानंतर. दहा जीव गेल्यावर जे सुचले, ते त्यांच्या आधी सुचण्यास कोणतीही अडचण नव्हती.

मराठी माणसाला इतक्या लांबचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदीला महापूर असताना, तो कोसळला. अंधारात व पावसात पुढचा रस्ता नाहीसा झाल्याचे वाहन चालविणाऱ्यांना कळण्यास काही उपाय नव्हता. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. काही खासगी वाहनेही गेली. मृतदेह कित्येक मैल खाली, खाडीपर्यंत सापडले. काही सापडलेच नाहीत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे पुढे शासनाकडून सांगण्यात आले. त्या पाहणीविषयी निवाडा देणे हे या भाषणाचे काम नव्हे. परंतु मे महिन्यातील कोरड्या नदीत दिसणारा पूल आणि ऑगस्टच्या मध्यरात्री पुराशी झुंजणारा पूल या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढे त्यावरून ध्यानात ठेवले पाहिजे. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. म्हणजे पूल बांधण्याची शक्ती आपल्या ठायी आहे. उणीव असते ती उभ्या असलेल्या पुलाकडे लक्ष ठेवण्याच्या सवयीची.

पूल शाबूत राहूनही निरुपयोगी होतो असा एक प्रकार आहे, तोही सांगितला पाहिजे. पुलाच्या दोन्ही टोकांना रस्ता मातीच्या भरावावरून येतो. नदीला पुलाखालून पुरेशी वाट मिळाली नाही तर ती पुलाशी झगडत बसत नाही, त्याला वळसा घालते. भराव मातीचा असल्याने तो प्रथम भिजतो, मग ढासळतो. पूर ओसरल्यावर पूल नदीच्या मधोमध एकटाच उभा आणि दोन्हीकडचे रस्ते नाहीसे, असे दृश्य पुष्कळ नद्यांवर दिसलेले आहे. पाणी एकदम उतरते तेव्हाही भरावाला धोका असतो. आत मुरलेले पाणी बाहेर येऊ पाहते आणि आपल्याबरोबर मातीही आणते. म्हणून पूर उतरला, आता भय नाही, असे म्हणणे घाईचे ठरते.

काही वेळा नदीचे काम माणूसच हलके करून ठेवतो. पात्रातील वाळू बेसुमार उपसली की तळ खाली जातो, आणि बांधणाऱ्याने ज्या खोलीवर पाया पुरला होता ती खोली आपोआप उथळ ठरते. पोर्तुगालमध्ये दोरू नदीवरील हिंत्झ रिबेरू हा पूल ४ मार्च २००१ च्या रात्री पडला. एक बस आणि तीन मोटारी नदीत गेल्या व ५९ माणसे मृत्यू पावली. तेथे अनेक पूर तर येऊन गेले होतेच, शिवाय वर्षानुवर्षे वाळूही उपसली जात होती. आपल्याकडे नदीत रात्री उभ्या राहणाऱ्या वाळूच्या गाड्यांकडे महसूल बुडविणारा अपराध म्हणून पाहिले जाते. तो तसा आहेच. पण पुलाजवळ उपसलेली वाळू म्हणजे पुलाच्या पायांखालून काढलेली वाळू होय, हे ध्यानी घेतले तर त्या अपराधाचा खरा आकार दिसेल.

आता पुन्हा मुसीकडे येऊ. पुराण्या पुलाला बावीस कमानी आहेत, लांबी सुमारे सहाशे फूट, आणि पात्रापासून उंची चोपन्न फूट सांगतात. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याला तो पाहून पॅरिसच्या प्रसिद्ध पुलाची आठवण झाली होती. उंची भरपूर असल्याने कमानी लवकर बुडत नाहीत. खांब जाड व वजनदार असल्याने हलके होऊनही त्यांचे पुष्कळ वजन उरते. आणि तो वरच्या अंगाला असल्याने शहराच्या पडझडीचा ओंडक्यांसह सर्व भार त्याच्यावर आला नाही. जुन्या बांधणीत पाण्याविषयी जी भीती होती, ती पुढच्या बांधणीत थोडी ओसरली होती असे म्हणता येईल. मात्र यावरून जुने ते सारे चांगले असा सिद्धांत काढू नये. सावित्रीचा पूलही जुनाच होता.

मग उपाय कोणते? पहिला उपाय पायाचा. तळखडक हाती लागत असेल तर पाया खडकात नेऊन बसवावा. वाळूच्या नदीत खडक फार खोल असतो. तेथे विहिरीसारखी पोकळ वर्तुळे बांधून, आतील माती उपसत, ती आपल्याच वजनाने खाली उतरवीत नेतात आणि शेवटी आत भर घालून त्यांवर खांब उभारतात. दुसरा उपाय वाटेचा: पुलाखाली पाण्याला भरपूर जागा ठेवणे, आणि पैसे वाचविण्यासाठी नदी अरुंद करण्याचा मोह टाळणे. तिसरा उपाय चिलखताचा: खांबांभोवती प्रवाहाला हलणार नाहीत एवढे जड धोंडे रचणे व पुरानंतर त्यांची मोजदाद करणे. चौथा उपाय डोळसपणाचा: प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाणबुड्या उतरवून, काठीने किंवा ध्वनिलहरींच्या यंत्राने तळाची खोली मोजणे आणि ती मागच्या मोजणीशी ताडून पाहणे. यांतला शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि नेमका तोच बहुधा राहून जातो.

हैदराबादने एक पाचवा उपायही केला. निजाम सरकारने १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मुंबई इलाख्यात नोकरी करून, पुण्याजवळच्या खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारे बसवून त्यांनी नाव मिळविलेले होते. त्यांनी हिशेब केला तो असा: मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक, त्यांपैकी २२१ त्या पावसात फुटले. पुराच्या कळसाला नदीतून सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी जात होते. सोप्या भाषेत सांगावयाचे तर दर सेकंदाला बारा हजार टन पाणी, म्हणजे दहा टनांच्या बाराशे मालमोटारी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुलाखालून जाव्यात तसे.

पुलाचा आजार पुलापाशीच नसतो, हे त्या हिशेबाने दाखविले. वर कोठेतरी एक लहानसा तलाव फुटतो, त्याचे पाणी खालच्या तलावात जाऊन तो फुटतो, आणि अशी माळ तुटत तुटत शहरापर्यंत येते. म्हणून विश्वेश्वरय्यांनी सुचविले की पूर शहरात अडविण्याऐवजी शहराच्या वर साठवावा. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. ही दोन जलाशये शहराला पाणी पाजतात हे सर्वांना ठाऊक आहे. शहरातील पुलांचे पाय राखण्याचे कामही त्यांच्याकडे आहे, याची आठवण क्वचितच होते.

परंतु जलाशय म्हणजे अभयपत्र नव्हे. तो भरलेला असताना वर पाऊस झाला की दारे उघडावीच लागतात. २०२५ च्या सप्टेंबरात, २६ तारखेच्या रात्री, असेच घडले. मुसीचे पाणी नदीच्या मध्यात वसविलेल्या महात्मा गांधी बसस्थानकात शिरले आणि तेथे अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. गौलीगुड्याच्या जुन्या स्थानकातील गाड्या १९९४ साली जेथे नेण्यात आल्या तेच हे स्थानक. मुसारामबागेचा ठेंगणा पूलही पाण्याखाली गेला. १९०८ चा पूर पूर्वजांच्या गोष्टीत जमा झाला असे ज्यांना वाटत होते, त्यांना नदीने आपली जुनी हद्द पुन्हा दाखवून दिली. नदी आपले पात्र विसरत नाही. विसरतो तो माणूस.

सामान्य नागरिकाने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की पाणी पुलावरून वाहत असेल तर, ते गुडघ्याएवढे असले तरीही, पूल ओलांडू नये. पाण्याखाली रस्ता आहे हे केवळ कालच्या आठवणीवरून आपण धरून चालतो. पाण्याने तो नेला असेल तर ते ओलांडणाऱ्याला पहिल्यांदा कळते आणि तेच शेवटचे ठरते. दुसरी गोष्ट, पूर उतरला की लगेच पुलावर गर्दी करू नये. कठड्याची सरळ रेघ कोठे वाकली आहे काय, रस्त्यावर आडवी भेग किंवा खळगा आहे काय, खांब एकीकडे कलला आहे काय, पुलाच्या टोकाशी भराव खचला आहे काय, हे शाळकरी मुलालाही पाहता येते. असे काही दिसले तर ते त्याच दिवशी अधिकाऱ्यांच्या कानी घालावे, आणि ऐकले जाईपर्यंत घालीत राहावे. तिसरी गोष्ट, कचरा व पाडलेल्या घरांचा मलबा नदीत टाकू नये. पुराच्या दिवशी तो आपल्याच पुलाच्या कमानीत जाऊन बसतो.

पूल वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस माणसांचे ओझे वाहतो, ते त्याला जड जात नाही. त्याची परीक्षा होते ती उरलेल्या एका दिवशी, आणि तीही आपल्याला न दिसणाऱ्या जागी. म्हणून पुलाच्या कमानीची शोभा पाहताना, त्यावरचे दिवे मोजताना, मनात एक प्रश्न अवश्य यावा: मागच्या पुरानंतर याच्या पायांकडे कोणी पाहिले काय? ज्या गावात हा प्रश्न दरवर्षी विचारला जाईल, त्या गावचे पूल म्हातारे होतील. रात्री अवचित नाहीसे होणार नाहीत.